पुसण्याआधी मोजा : अपघाताच्या तांत्रिक तपासाविषयी वाचकांचे प्रश्न

अपघात का झाला, हे मोडलेल्या वस्तूंवरून आणि मोजमापांवरून शोधणाऱ्या अभियंत्यांच्या कामाविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं थोडी संक्षिप्त करून देत आहोत. आमच्या तज्ज्ञ मंडळाने उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सासूबाई (वय ६८) सोसायटीचा जिना उतरताना अगदी शेवटच्या पायरीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कमिटीचं म्हणणं, वय झालंय, तोल गेला असेल. जिना वीस वर्षं तोच आहे, गेल्या दिवाळीत फक्त लॉबीची फरशी बदलली. जिन्यात दोष आहे की नाही, हे ठरवता येतं का? — एक वाचक, कोथरूड

ठरवता येतं, आणि त्याची किल्ली तुमच्याच पत्रात आहे. लॉबीची फरशी बदलताना जुनी उखडून काढली होती का, ते आधी विचारा. राडारोडा आणि खर्च वाचवायला जुन्या फरशीवरच मसाला टाकून नवी बसवतात. त्याने लॉबीची पातळी ३० ते ४० मिलिमीटर वर येते. वरच्या सगळ्या पायऱ्या १६५ मिलिमीटरच्या असतील, तर शेवटची एकटी १२५ ते १३५ ची उरते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण पायाला तो लागतो.

जिना उतरताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत शरीर उंचीचा अंदाज घेतं आणि पुढची पावलं त्याच हिशेबाने पडतात. जमीन अपेक्षेपेक्षा आधी आली की पाऊल आपटतं, गुडघा भार घ्यायला तयार नसतो आणि वरचं शरीर पुढे जातं. तरुण माणूस दोन पावलं धडपडून सावरतो. अडुसष्टाव्या वर्षी सावरायला तेवढा वेळ मिळत नाही. कमिटी वयाचं म्हणते ते खोटं नाही, पण जिना सगळ्या वयाच्या लोकांसाठी असतो.

मोजणी तुम्हीच करू शकता. स्टीलचा टेप आणि दोन फुटी लेव्हल बॉटल घ्या. माणसं जिथून चालतात तिथे, म्हणजे कठड्यापासून साधारण एक फूट आत, लेव्हल बॉटल वरच्या पायरीच्या कडेवर आडवी धरा आणि तिथून खालच्या पायरीपर्यंतची उंची मोजा. शेवटच्याच नाही, सगळ्या पायऱ्या मोजा आणि क्रमाने लिहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाऊल ठेवायची जागा किमान २५० मिलिमीटर असावी. पुण्यातले बहुतेक जिने या कसोटीला उतरतात आणि तपास तिथेच थांबतो. तो थांबू नये. लागोपाठच्या दोन पायऱ्यांत ५ मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तरी आम्ही त्याची नोंद घेतो. ३५ चा फरक म्हणजे उघड धोका.

त्यानंतर हे बघा : शेवटची पायरी आणि लॉबी एकाच रंगाच्या दगडाची आहे का? पडल्या त्या वेळी दिवा लागला होता का? कठडा शेवटच्या पायरीपर्यंत येतो की एक पायरी आधीच संपतो?

पाय घसरला की अडखळला, हेही वेगळं करावं लागतं. उतरताना घसरलं की टाच पुढे जाते आणि माणूस मागे किंवा बाजूला, पायरीवरच बसतो. अंदाज चुकला की तो पुढे, लॉबीत पडतो. सासूबाईंना हे शांतपणे विचारा, उत्तर सुचवू नका. त्या वेळची चप्पल न धुता कागदी पिशवीत ठेवा. घसरल्याची शंका असेल तर फरशीची पकड लंबकाच्या उपकरणाने मोजतात. रबराची पट्टी लावलेला लंबक फरशीला घासत जातो आणि काट्यावर आकडा येतो. ओल्या फरशीवर ३६ किंवा जास्त आला तर धोका कमी, २५ च्या खाली आला तर मोठा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट कोरडा असताना चांगला आकडा देतो, ओला झाला की तो आकडा कोसळतो. म्हणून कोरड्या फरशीवरची चाचणी दाखवून कुणी निर्धास्त करत असेल तर मान्य करू नका.

पायरी दुरुस्त होईपर्यंत तिच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाची पट्टी आजच लावा. मात्र त्याआधी फोटो आणि मापं घेऊन ठेवा.

प्रश्न : नवले पुलाच्या उतारावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘ब्रेक फेल’. खरंच इतक्या ट्रकचे ब्रेक एकाच ठिकाणी निकामी होतात का? — एक वाचक, वारजे

‘ब्रेक फेल’ हे तपासाचं उत्तर नाही. ब्रेक कशामुळे कामातून गेले, हा खरा प्रश्न आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. ३० टनांचा ट्रक दर १०० मीटर उंची उतरताना सुमारे २९ मेगाज्यूल ऊर्जा सोडतो. ती कुठेतरी जिरावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार ब्रेकवर येतो. प्रत्येकी ४५ किलोचे आठ ब्रेक ड्रम धरले आणि उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर तेवढ्या उताराने ड्रम सुमारे १६० अंशांनी तापतात. ब्रेक आधीच तापलेले असतील, तर ३०० च्या पुढे जायला फार उतार लागत नाही. तिथे ड्रमला आतून घासणाऱ्या लायनरची पकड ढिली पडते. त्यातच ड्रम तापून फुगतो आणि लायनर त्याला टेकायला हवेच्या चेंबरमधून ब्रेक दाबणारा दांडा आणखी बाहेर यावा लागतो. ड्रायव्हर पाय दाबून धरतो, पण गाडी थांबत नाही.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं तर संकट दुप्पट होतं. ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे टाकीत नवी हवा येत नाही. थोडा थोडा ब्रेक मारत गेलं की असलेली हवाही संपत जाते. पॉवर स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

तपासात चाक उघडून पाहतात. ड्रमवर निळसर जांभळी झाक आणि बारीक तडे असतील, लायनर काचेसारखं चकचकीत झालं असेल, तर ब्रेक लागत होते आणि तापून कामातून गेले. लायनरवर तेल किंवा ग्रीस आढळलं, किंवा ते रिव्हेटपर्यंत झिजलेलं निघालं, तर दोष देखभालीचा. पुरेशी हवा भरून ब्रेक दाबतात आणि प्रत्येक चाकाचा दांडा किती बाहेर येतो ते मोजतात. नेहमीच्या ३० क्रमांकाच्या चेंबरला तो सुमारे ५० मिलिमीटरच्या आत हवा. गिअरची जागाही टिपून ठेवतात. हवा पूर्ण गेली म्हणून गाडी सुटली, असा दावा असेल तर आणखी एक पडताळणी करतात. मागच्या चाकांना स्प्रिंगचे ब्रेक असतील तर हवा गेल्यावर ती चाकं आपोआप जाम व्हायला हवीत. तशी झाली नसतील तर स्प्रिंग तुटली आहे का, की कुणी ती मुद्दाम आवळून ठेवली आहे, ते शोधावं लागतं.

हे सगळं क्रेनने गाडी ओढायच्या आधी नोंदवलं तरच उपयोग. ओढताना स्प्रिंग ब्रेक हाताने सोडवतात, गिअर न्यूट्रल करतात, कधी प्रोपेलर शाफ्टही उतरवतात. मग पुराव्याचा अर्धा भाग राहतच नाही. वाहतूक मोकळी करायची घाई समजण्यासारखी आहे. पण केबिनचा, गिअर लीव्हरचा आणि हवेच्या काट्याचा फोटो घ्यायला पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न : माझ्या भावाच्या दुचाकीला कारने धडक दिली. रस्त्यावर कारच्या ब्रेकची २० मीटर काळी रेघ होती. सोसायटीच्या सीसीटीव्हीतही कार दिसते. कारचालक म्हणतो, ताशी ४० चा वेग होता. वेग काढता येईल का? — एक वाचक, बाणेर

येईल, दोन्ही मार्गांनी. आणि दोन्ही मार्गांत चूक करायलाही भरपूर वाव आहे.

रेघेचा हिशेब असा. लांबी मीटरमध्ये घ्या, तिला रस्त्याच्या घर्षणांकाने (टायरची रस्त्यावर किती पकड आहे त्या आकड्याने) आणि मग २५४ ने गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर २० मीटरला सुमारे ६०. ओल्या रस्त्यावर ०.४५ धरला, तर त्याच रेघेला सुमारे ४८. रस्ता ओला होता की कोरडा, यावर इतकं अवलंबून आहे. पण हा वेग कार रेघेच्या शेवटी आपोआप थांबली असेल तरच पूर्ण. रेघेच्या टोकाला धडक झाली असेल, तर धडकेच्या क्षणी उरलेला वेगही धरावा लागतो, आणि तो सरळ मिळवायचा नसतो. ६० चा वर्ग आणि उरलेल्या ३० चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ६७ येतात, ९० नव्हे. पंचनाम्यात ‘ब्रेकचे निशाण’ एवढंच लिहिलेलं असतं. किती मीटर, कुठून कुठे, एका चाकाचं की दोन्ही चाकांचं, हे नसेल तर गणितच मांडता येत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या कारची रेघ फिकट, तुटक असते किंवा अजिबात नसते. रेघ नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही, असं कुणी म्हटलं तर ते चूक.

आता सीसीटीव्ही. चित्रात दिसणाऱ्या दोन पक्क्या जागा निवडा, उदाहरणार्थ विजेचा खांब आणि गेटचा कोपरा, आणि कार ज्या रेषेतून गेली त्या रेषेवर त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजा. समजा ९ मीटर भरलं आणि तेवढं जायला कारला १५ फ्रेम लागल्या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर वेळ ०.६ सेकंद, वेग ताशी ५४. पण जागा वाचवायला सोसायटीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) बऱ्याचदा सेकंदाला १२ फ्रेमवर लावलेला असतो. मग वेळ १.२५ सेकंद, वेग ताशी २६. चित्रण एकच, उत्तर अर्ध्याहून कमी. म्हणून मोबाइलने स्क्रीनचं केलेलं शूटिंग आम्हाला पुरत नाही. मूळ फाइल, मूळ स्वरूपात, डीव्हीआरच्या सेटिंगच्या फोटोसह हवी. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि हे आज करा. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून नवं येतं. कुठे महिन्याने, कुठे आठवड्यातच. न्यायालयात अशी फाइल द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश आकडा (फाइलवरूनच संगणकाने काढलेली तिची ओळखखूण) नोंदवायचा असतो, म्हणजे नंतर फेरफार झाला तर तो उघड होतो.

प्रश्न : नात्यातली मुलगी गॅस गिझर सुरू असताना बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, सुदैवाने वाचली. गॅसचा वास आला नव्हता, गळतीही निघाली नाही. मग झालं काय? — एक वाचक, धनकवडी

ती वाचली हे वाचून बरं वाटलं. या प्रकारात गळती नसतेच, वर्णनावरून सगळा संशय कार्बन मोनॉक्साइडवर जातो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय सहा फूट बाथरूममध्ये जेमतेम साडेसहा घनमीटर हवा असते. खिडकी आणि दाराची फट बंद असेल, तर अवघ्या चार-पाच मिनिटांत हवेतला प्राणवायू २१ वरून १८ टक्क्यांवर येतो. मग ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. थंडीत पाणी जास्त गार, आंघोळ लांब आणि खिडकी घट्ट बंद. त्यामुळे हिवाळ्यात धोका सगळ्यात मोठा.

तपासात दवाखान्याची वेळ महत्त्वाची. रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण साध्या हवेत चार-पाच तासांनी निम्मं होतं, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासातच. उशिरा घेतलेला नमुना कमी आकडा दाखवतो आणि ‘तसं काही नव्हतं’ असा निष्कर्ष निघतो. नेहमीचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तर अशा रुग्णातही ९८ दाखवतं, कारण त्याला दोन वायूंतला फरक कळत नाही. बेशुद्धीची, प्राणवायू सुरू केल्याची आणि रक्त काढल्याची वेळ कागदपत्रांतून मिळवा.

गिझर दुरुस्त करू नका, साफ करू नका. झाकण उघडून आतल्या तांब्याच्या पात्यांवर काजळी साचली आहे का, ते आम्ही पाहतो. काजळीने वाट अडते, ज्योत पिवळी होते. गॅस ज्या बारीक भोकातून बर्नरला येतो ते जेटही तपासतो. पाइपच्या गॅसचा दाब सुमारे २१ मिलिबार असतो, घरगुती सिलिंडरचा त्याहून जास्त, शिवाय त्या गॅसची उष्णताही जास्त. म्हणून पाइप गॅसचं जेट मोठ्या भोकाचं असतं. पाइप गॅसच्या घरातला गिझर सिलिंडरच्या घरात आणून जेट न बदलता लावला, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस येतो आणि हवा अपुरी पडते. घर बदललेल्यांनी हे जरूर तपासून घ्यावं. शेवटी दार-खिडक्या त्या दिवशी होत्या तशाच ठेवून, आत माणूस न ठेवता, मीटर लावून गिझर चालवून बघतात. हे घरी करून बघू नका.

गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर गॅलरीत घ्या. आतच ठेवायचा असेल, तर धूर बाहेर नेणारी नळी असलेलाच घ्या. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. बाहेरून हवा यायला खाली झरोका नसेल तर फॅन नुसता फिरत राहतो.

प्रश्न : अपघातात वडिलांच्या डोक्याला मार लागला. विमा कंपनी म्हणते, हेल्मेट घातलंच नव्हतं. हेल्मेट घरी आहे. त्याचा उपयोग आहे का? — एक वाचक, हडपसर

फार मोठा उपयोग आहे. ते धुऊ नका, पट्टा कापू नका, कुणाला वापरायला देऊ नका.

हेल्मेटचं बाहेरचं कवच पुन्हा आकारात येतं, पण आतला थर्माकोलसारखा थर दबला की दबलेलाच राहतो. अस्तर बाजूला करून त्याची जाडी जागोजाग मोजली की मार कुठे आणि साधारण किती जोराने बसला ते कळतं. ती जागा सीटी स्कॅनवरच्या जखमेशी जुळते का, ते पाहतात. हेल्मेट हँडलला अडकवलेलं असताना पडलं, तर बाहेर ओरखडे येतात पण आतला थर डोक्याच्या आकारात दबत नाही. पट्टा लावलेला होता का, हे बकलजवळ कळतं. ताण आला असेल तर पट्ट्याच्या कापडावर चकचकीत घासलेली आडवी रेघ उमटते आणि कवचाला पट्टा जोडणारा रिव्हेट किंचित ओढला गेलेला असतो. अस्तरात केस किंवा रक्त असेल तर त्याची तपासणी प्रयोगशाळेत होईल, तुम्ही हात लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. कागदी खोक्यात ठेवून वर तारीख घाला.

प्रश्न : सोसायटीची मागची दहा फुटी भिंत बाहेर कलली आहे. पलीकडे खाली मजुरांच्या झोपड्या आहेत. बिल्डर म्हणतो, वीस वर्षं उभी आहे, काही होत नाही. — एक वाचक, कोंढवा

हे पत्र मिळताच आम्ही ते पाठवणाऱ्या वाचकांना उत्तर थेट कळवलं. इथे छापतो आहोत, कारण अशा भिंती शहरभर आहेत. जून २०१९ च्या अखेरीस कोंढव्यात अशीच भिंत मजुरांच्या खोल्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला.

मागे कोरडी माती अडवून धरणाऱ्या ३ मीटर उंच भिंतीवर दर मीटर लांबीमागे सुमारे पावणेतीन टन रेटा असतो. मागची माती पाण्याने भरली की तो सहा टनांवर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. वाढलेला सगळा भार पाण्याचा. वीस वर्षं भिंत उभी राहिली, कारण भोकांतून पाणी जात होतं. भोकं बुजली, वर नवं पार्किंग आलं किंवा पलीकडे पायाशेजारी खोदकाम झालं, की जुना हिशेब संपला.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायची भोकं मोजा. साधारण दीड मीटरच्या आत एक हवं. त्यात तार घालून बघा. प्लास्टर करताना ती लिंपून टाकलेली फार आढळतात. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर भोकं कोरडी आणि भिंतीच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय, असं दिसलं तर पाणी मागे अडलं आहे. वरून ओळंबा सोडा आणि खाली भिंतीपासून त्याचं अंतर रोज त्याच जागी, त्याच वेळी लिहा. भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून त्यांच्यातलं अंतरही मोजा. आकडा वाढतोय म्हणजे भिंत सरकते आहे.

पण पावसाळ्यात आकडा वाढायची वाट बघत बसू नका. पलीकडच्या कुटुंबांना भिंतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरापलीकडे हलवा, वरच्या बाजूची वाहनं काढा आणि महापालिकेला लेखी कळवून पोच घ्या. बंद भोकं घाईने फोडू नका, कललेल्या भिंतीवर ड्रिलचे हादरे धोक्याचे. मागचं पाणी कसं उतरवायचं आणि टेकू कुठे लावायचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन ठरवायचं आहे.